आईची लुगडी

बिल्डर काळभोरांची आई वारली. "मायेची ऊब हवी," म्हणत त्यांनी तिची जुनी लुगडी धाडून एका ऑनलाइन कंपनीमार्फत फुलाबाईकडून गोधडी शिवून घेतली. गोधडी घरपोच झाली आणि या गृहस्थानं कंपनीकडे तक्रार ठोकली, "पार्सल मिळालंच नाही. पैसे परत करा!"

कंपनीच्या अधिकाऱ्यानं दोघांना फोनवर घेतलं. "बाई, एवढा मोठा माणूस खोटं बोलेल? पैसे तुमच्याकडून कापतो."

"कापा," फुलाबाई म्हणाली. "पण मेलेल्या आईची लुगडी हरवली, तर मुलगा आधी लुगडी मागतो. साहेब मघापासून शिलाईच मागतायत."

अधिकारी चपापला. "साहेब, लुगड्यांचा शोध घ्यायचा का?"

"लुगड्यांचं जाऊ द्या हो, पैशाचं बोला," काळभोर म्हणाले.

तक्रार तिथंच फेटाळली गेली.