टपातला नवरदेव

एका गावात एक भोळा भाचा होता. नाव झुंबर. मिसरूड फुटलं होतं, अक्कल अजून वाटेत होती. आईने त्याला सोपानमामाच्या गॅरेजात धाडलं आणि भावाला बजावलं, "दादा, मारू नकोस हं. नीट समजावून सांग."

मामा नीट समजावून सांगायचा. घोटाळा तिथेच व्हायचा.

पहिल्याच दिवशी एका जीपची टाकी गळत होती. मामा म्हणाला, "भोक दिसलं की बुजवायचं. विचारत बसायचं नाही."

दुसऱ्या दिवशी झुंबरला सरपंचांच्या गाडीचा सायलेन्सर दिसला. केवढं मोठं भोक! त्याने चिंध्या ठासून ते बुजवलं. गाडी दोनदा खोकली आणि गप्प झाली.

"अरे गाढवा, त्यातून हवा जायला नको का?"

"जायला पाहिजे, मामा. चुकलं."

मग मास्तर पंक्चर झालेली स्कूटर ढकलत आले. झुंबर चाकाला कान लावून बसला. "जातेय, मास्तर. छान जातेय!" हवा संपेपर्यंत तो हलला नाही.

मामाने कपाळावर हात मारून घेतला. "बाबा रे, स्वतःचं काही लावू नकोस. गिऱ्हाईक बोलेल तेवढंच कर. कमी नाही, जास्त नाही."

एवढं सांगून मामा सामान आणायला तालुक्याला गेला, आणि नेमका तेव्हाच अवधूत आला. त्याचं लग्न ठरलं होतं. 'लग्नाला सनरूफमधून उभा राहूनच येईन,' असा त्याने कांचनला, होणाऱ्या बायकोला, शब्द दिला होता. शब्द होता, सनरूफ नव्हतं. होती वडिलांची जुनी गाडी, आणि तिचा टप अंड्यासारखा सलग.

"झुंबर, टपाला भोक पाड. माझ्यापुरतं."

"तुमच्यापुरतंच?"

"मग काय गावापुरतं?"

झुंबरने त्याच्या कमरेला सुतळी गुंडाळून गाठ मारली. बरोबर तेवढं भोक कापलं. कडेला रबर लावलं, वर पिंपाचं झाकण बसवलं. अवधूतने आतून उभं राहून पाहिलं. अगदी अंगाबरोबर! स्वारी खूश.

मग केळवणं सुरू झाली. आत्याकडे पुरणपोळ्या, मावशीकडे बासुंदी. काकूने तर "लग्नानंतर कोण विचारतंय तुला," म्हणत श्रीखंडाचं पातेलंच पुढ्यात ठेवलं.

लग्नाच्या दिवशी अवधूत श्वास रोखून भोकातून वर निघाला. वाजतगाजत गाडी देवळाच्या पायऱ्यांशी आली. मांडव वर होता. अवधूतने श्वास सोडला आणि अडकला. खाली जाईना, वर येईना.

"मुहूर्त टळतोय!" वरून गुरुजी ओरडले.

मामा धावतच गाडीशी आला. "झुंबऱ्या, केळवणांच्या आधी माप घेतात होय?"

"मग कधी?"

"केळवणं झाल्यावर!"

झुंबरने खिशातल्या सुतळीला आठवणीची आणखी एक गाठ मारली.

अवधूत रडकुंडीला आला. "मुहूर्त टळला तर कांचनचे काका लग्न मोडतील रे! मला आधी या गाडीतून काढ!"

गिऱ्हाईक बोललं. झुंबरने मांडववाल्याच्या जनरेटरला कटर जोडला आणि टपाचे खांब खर्रकन कापले. अवधूत गाडीतून निघाला. टपासकट.

"अरे, हे काय केलंस!"

"गाडीतून काढ म्हणाले, मामा. टपाचं काही बोलले नाहीत."

नवरदेव खेकड्यासारखा आडवा होत पायऱ्या चढला. मंगलाष्टकं झाली. अक्षता टपावर ताशासारख्या वाजल्या. मुहूर्त साधला, मामाचा जीव भांड्यात पडला.

पण हार घालायला कांचन पुढे झाली, तर आड पत्रा. डावीकडून आली, पत्रा. उजवीकडून आली, पत्रा. तिला हसू आवरेना.

"भाऊजी, मला यांच्या शेजारी उभं राहता येईल असं काहीतरी करा ना!"

"शाबास पोरी," मामा पुटपुटला. "आता तरी कापेल हा टप."

झुंबरने कटर उचलला खरा. पण आधी खिशातून सुतळी काढली, गाठ नीट पाहिली आणि अदबीने विचारलं,

"वहिनी, तुमची केळवणं सगळी झाली ना?"