चार प्रार्थनांची वात

एकदा एका खडकाळ मुलखात एक म्हातारा विहिरी खोदायचा. लोक त्याला थोमाबाबा म्हणत. उजव्या हाताची तीन बोटं तरुणपणीच सुरुंगानं नेली होती, त्यामुळे दोर ओढायचं काम त्याला जमत नसे. पण खडक वाचावा तर त्यानंच. रविवारी वस्तीतल्या छोट्या ख्रिस्तमंदिरात उपदेशही तोच करी, आणि विषय कायम एकच, प्रीती. ऐकणारे कंटाळून जांभया देत. म्हाताऱ्यानं विषय काही बदलला नाही.

सुरुंग उडवायची त्याची एक पद्धत होती. वात पेटली की दोर ओढणाऱ्यानं प्रभूची प्रार्थना सावकाश, खणखणीत आवाजात म्हणायची. वात अशी मापून कापलेली असे, की चौथी प्रार्थना संपता संपता बार उडावा. पहिल्या दोन प्रार्थनांत खालचा माणूस वर यायचा, तिसरीत सगळ्यांनी खडकाच्या आड पळायचं आणि चौथी देवाच्या भरवशावर शिल्लक ठेवायची. आता तुम्ही विचाराल, घड्याळ नव्हतं का? होतं की. पण बाबाचं म्हणणं, घड्याळ खालच्या माणसाला ऐकू येत नाही.

या बाबाच्या हाताखाली आमोस नावाचा एक तरुण विद्या शिकत होता. अंगानं दणकट, कामाला वाघ, पण काळजात एक शल्य घेऊन फिरणारा. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका टोळीत त्याचा थोरला भाऊ पौलस विहिरीच्या तळाशी काम करत असताना काठाची माती सुटली. पौलसचा दोर तेव्हा रखमाजी नावाच्या गड्याच्या हातात होता. रखमाजी घाबरला, दोर टाकून पळाला. पौलसला तिसऱ्या दिवशी मातीखालून काढलं. त्यानंतर रखमाजीला कोणी दारात उभं करीना. मंदिरातही तो शेवटच्या बाकावर एकटाच बसायचा.

आणि थोमाबाबानं काय करावं? सात महिन्यांनी त्याच रखमाजीला आपल्या टोळीत घेतलं. दोर त्याच्या हाती कधी दिला नाही, पण काम दिलं. आमोसला साधं विचारलंही नाही. आमोसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका रविवारी उपदेश संपल्यावर त्यानं बाबाला दारातच गाठलं.

"बाबा, तुम्ही प्रीती प्रीती म्हणता. हा माणूस जेवताना समोर दिसला तरी माझ्या घशाखाली घास उतरत नाही. ही प्रीती माझ्याच्यानं होणार नाही. ढोंग करू का?"

बाबानं चष्मा पुसला आणि उद्या लवकर ये, सुरुंगाची भोकं भरायची आहेत, एवढंच सांगितलं. आमोसला ते फार लागलं. रात्रभर काळीज उकलून ठेवावं असा प्रश्न, आणि म्हातारा भोकांचं बोलतो.

दुसऱ्या दिवशी टोळीतला तिसरा गडी, जो आमोसबरोबर दोर ओढायचा, तापानं फणफणला. वात पेटवायची पाळी रखमाजीची होती आणि ओढायला उरला एकटा आमोस. बाबानं काही लपवलं नाही. रखमाजीला बाजूला न घेता, आमोससमोरच सांगितलं, की आज दोर एकट्या आमोसच्या हातात राहील. नको वाटत असेल तर बार उद्यावर टाकू. रखमाजीनं आमोसकडे एकवार पाहिलं. मग दोराचा फास काखेखालून घेतला आणि तो विहिरीत उतरला. तो नाही म्हणेल अशी आमोसची खात्री होती.

विहीर सात परस खोल गेली होती, म्हणजे एकावर एक सात माणसं उभी राहतील एवढी. कप्पीवरून आलेला दोर मागे रोवलेल्या लाकडी मेढीला दोन वेढे घेई, म्हणजे ओढणाऱ्याचा हात चुकून सुटला तरी भार लाकूड झेले. दोराचं सैल टोक बाबा डाव्या हातानं खेचून घ्यायचा. सगळं रोजच्यासारखं होतं. खालून दोराला दोन झटके बसले. वात पेटली होती. आमोस प्रार्थना म्हणत ओढू लागला.

पहिली प्रार्थना अर्धी झाली असेल नसेल, तोच मागे कडाडकन आवाज झाला. मेढीला बुडाशी वाळवी लागली होती, ती कोणाच्या लक्षात आली नव्हती. लाकूड मोडलं आणि रखमाजीचा सगळा भार आमोसच्या दोन हातांवर आला. दोर हातभर सरकला, तळव्यांची सालटी निघाली. खालून एक अर्धवट किंकाळी आली. आमोसनं टाचा रोवल्या आणि तो जागच्या जागी थांबला.

आणि मग त्याच्या मनात ते आलं.

सोडून दिला तर? मेढ मोडली होती, सगळ्यांना दिसत होती. एकटा माणूस, सोललेले हात. कोणी बोट दाखवलं नसतं. उलट लोक हळहळले असते. देवानंच न्याय केला म्हणाले असते. आई तर नक्कीच म्हणाली असती. ज्यानं पौलसचा दोर सोडला त्याचा दोर आज आपल्या हातात आहे, या विचारानं त्याला क्षणभर बरं वाटलं, आणि आपल्याला बरं वाटलं याची भीतीही वाटली. तोंडातली प्रार्थना थांबली होती. थांबली तीही नेमकी कुठे, तर आम्ही क्षमा करतो तशी आम्हांलाही कर, असं जिथं मागायचं असतं, त्या ओळीशी. खाली रखमाजीनं ती थांबलेली ऐकली असणार. विहिरीतून सुरुंगाच्या दारूचा जळका वास वर येत होता.

थोमाबाबानं आमोसचं तोंड पाहिलं. तो ओरडला नाही. देवाचं नाव घेतलं नाही, पौलसचं तर मुळीच नाही. त्यानं मोडक्या मेढीवरून दोराचं सैल टोक उचललं, स्वतःच्या कमरेला तीन वेढे दिले, दातांनी गाठ आवळली आणि मेढ होती त्या जागी जाऊन उभा राहिला. पायांखाली नुसता सुटा मुरूम, तोही विहिरीकडे उतरता. जेमतेम पन्नास किलोचा म्हातारा. आमोसचे हात सुटले असते तर दोरानं त्याला फरपटत थेट विहिरीत नेलं असतं.

"बाबा, सोडा ते. ओढले जाल तुम्ही."

"मग तू ओढ," बाबा म्हणाला, आणि प्रार्थना जिथं थांबली होती तिथून पुढे त्यानं सुरू केली.

आमोस ओढू लागला. तळव्यांतून रक्त येत होतं, दोर निसरडा झाला होता. हात हात दोर वर येई तसा बाबा स्वतःभोवती फिरून तो कमरेला गुंडाळून घेई. दुसरी प्रार्थना संपली, तरी रखमाजीचं डोकं दिसेना. तिसरी सुरू झाली. आमोसच्या दंडांना आता काही कळत नव्हतं. तिसरीच्या मध्यावर काठाच्या दगडावर चार बोटं दिसली. आमोसनं मनगट धरून त्याला बाहेर खेचला. गाठी सोडायला सवड कुठली! तिघेही एकाच दोरात अडकलेले, तसेच धडपडत पळाले आणि खडकाच्या आड एकमेकांच्या अंगावर पडले. चौथी प्रार्थना सुरू होते न होते तोच बार उडाला. म्हणताना थांबले होते, तेवढी वात पुढे जळून गेली होती. दगडांचा पाऊस पडून गेला, धूळ बसली, तरी बराच वेळ कोणी उठलं नाही.

रखमाजीनं आभार मानले नाहीत. गुडघ्यांत डोकं घालून तो एवढंच म्हणाला, "त्या दिवशी मला धरवलं नाही रे आमोस. हात आपोआप उघडले." आमोस अंगाभोवतीचा दोर सोडवून उठून गेला.

दुपारी बाबा त्याच्या तळव्यांवर हळद बांधत होता. आमोसला राहवेना. त्यानं सांगून टाकलं, की मी त्याला ओढलं नाही, तुम्हांला ओढलं. तुम्ही टोक बांधलं नसतं तर मी दोर सोडला असता. उगीच मला शाबासकी देऊ नका.

"ठाऊक आहे मला," बाबा म्हणाला. "तुला वाटतं, प्रीती म्हणजे रखमाजी तुला गोड वाटायला हवा. असं मी कधी म्हटलं? मलाही तो फारसा गोड वाटत नाही, घोरतो फार. माझ्यासाठी ओढलंस, बरं केलंस. आपल्यासारख्यांची सुरुवात तिथूनच होते. अरे, ज्याचा आपल्याला संताप येतो, त्याच्या दोराचं दुसरं टोक प्रभूनं स्वतःच्या कमरेला बांधून घेतलंय. चाळीस वर्षांत मला एवढंच कळलं. त्याला सोडायच्या आधी मागे वळून पाहायचं, बरोबर कोण ओढलं जातंय. मग हात सोलले तरी धरवतं. गोडी मागाहून येते, एखाद्याच्या बाबतीत येतही नाही. धरायचं मात्र थांबवायचं नाही."

आमोसनं विचारलं, की हे शिकवण्यासाठी म्हणून तुम्ही जीव धोक्यात घातलात का.

"छे," बाबा म्हणाला. "मेढ मोडली होती आणि मला बोटं नाहीत. दुसरं काय करणार होतो?"

पंधरा दिवसांत तळवे भरून आले. नवी मेढ रोवली, चांगली कमरभर खोल. तिसरा गडी तापातून उठून कामावर आला होता. त्या दिवशी खाली उतरायची पाळी आमोसची. त्यानं काखेखालून फास घेतला, कप्पीवरून आलेला दोर उचलला, तिसऱ्या गड्याला ओलांडून पुढे गेला आणि तो रखमाजीच्या हातात दिला. रखमाजी दोन पावलं मागे सरला. नको, म्हणाला, माझ्या हातांचा भरवसा नाही. आमोसनं दोर तसाच पुढे धरून ठेवला.

शेवटी रखमाजीनं तो घेतला. नवी मेढ हलवून पाहिली, तिला दोन वेढे दिले आणि कोणी न सांगता दोराचं सैल टोक स्वतःच्या कमरेला बांधलं. याची काही गरज नव्हती, पण बाबानं त्याला अडवलं नाही.

आमोसनं खाली जाऊन वात पेटवली, दोराला दोन झटके दिले. वरून रखमाजीचा घोगरा आवाज येऊ लागला. तो प्रार्थना म्हणत होता, ओढत होता. मग क्षमेच्या त्याच ओळीपाशी तो अडखळला, थांबला, आणि दोरही थांबला. आमोस पुरुषभर उंचीवर लोंबकळत होता; पायांखाली वात सुरसुरत होती. त्यानं मान वर करून ती ओळ स्वतः मोठ्यानं म्हटली, आणि दोर पुन्हा वर जाऊ लागला.