थोमा कासाराने बुजवलेला ऑर्गन

बोरकुंडीच्या चर्चमध्ये ऑर्गन आहे म्हटलं की पाहुणे आधी हसतात. दोनशे उंबऱ्यांचं गाव, एसटीसुद्धा फाट्यावरून मागे फिरते, तिथे हे धूड कुठून यायला? आत जाऊन पाहिलं की हसू ओसरतं. भिंतीशी कथलाच्या नळ्या उभ्या आहेत आणि प्रत्येकीच्या तोंडाभोवती कानशीचे ओरखडे आहेत. मग गावातलं कुणी वडीलधारं त्या ओरखड्यांची हकीकत सांगतं.

घाटावरच्या छावणीतली गोरी पलटण मायदेशी गेली, तेव्हा तिथल्या चर्चमधला ऑर्गन म्हणे बोरकुंडीच्या मंडळीला मिळाला. कडब्यात गुंडाळलेल्या नळ्या सात बैलगाड्यांतून घाट उतरून आल्या. त्या सोडवून पुसायचं काम थोमा कासाराकडे गेलं. घागरी-परातींना डाग देण्यात पंचक्रोशीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. ऑर्गन मात्र गावात कुणी कधी पाहिला नव्हता, ऐकणं तर दूरच.

थोमाला दिसलं, की प्रत्येक नळीला खालच्या अंगाला आडवी फट आहे. गाड्यांच्या हिसक्यांनी माल फुटला, असं वाटून त्याचा जीव कळवळला. सगळ्या नळ्या एकाच जागी कशा फुटतील, हा विचार काही त्या शहाण्याच्या मनात आला नाही. आठ दिवस शेगडी पेटती ठेवून त्याने शंभरावर फटी डाग देऊन बुजवल्या. लेक सुवार्ता शेजारी बसून नळ्या घासत होती. मग नळ्यांवरच्या आकड्यांप्रमाणे गावाने त्या पेटीच्या भोकांत उभ्या केल्या.

ऑर्गन देवाला अर्पण करायच्या रविवारी शहरातून वाजवणारे मास्तर आले. भाता हलला, बोटं फिरली, आणि नुसता वारा सुटला. मास्तरांनी एक नळी उपसली नि तिच्या बुजलेल्या फटीवरून बोट फिरवलं.

"फूट नव्हती हो ही," ते म्हणाले. "तोंड होतं."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं थोमाला झालं. भरल्या मंडळीसमोर तो उभा राहिला. "म्या याची वाचा घेतली. याची एकूण एक नळी बोलंल, तवाच मी बोलंन." पाळकसाहेबांनी अडवायला हात वर केला, पण शब्द निघून गेला होता.

दोन वर्षं तो कानशीने एकेक तोंड मोकळं करत राहिला. नळ्या बोलू लागल्या. घरात मात्र सुवार्ता एकटीच बोलायची. शेवटी सर्वांत बारीक नळी उरली. तिच्यात कानस शिरेना, म्हणून त्याने आच दिली, आणि नळी वितळून गेली. तसली दुसरी कुठे मिळते, हेही गावाला माहीत नव्हतं.

पुढच्याच वर्षी सुवार्ताचं लग्न निघालं. पाळकसाहेबांनी रीतीप्रमाणे वधूच्या बापाला विचारलं, "या मुलीला कोण देतो?" थोमाचे ओठ हलले. तो बोलला असता तर कुणी बोट दाखवलं नसतं. तोच स्वतःला क्षमा करत नव्हता. वराकडची माणसं कुजबुजू लागली.

"बा, आज तरी बोल," सुवार्ता म्हणाली. "मी तुजी कुनी न्हाई का?"

थोमा रडत होता, पण बोलला नाही. इतक्या दिवसांचा राग तिला आवरेना. ती तडक ऑर्गनपाशी गेली आणि वितळलेल्या नळीची पट्टी तिने दाबली. लाकडाचा खटका झाला, रिकाम्या भोकातून वारा निघाला.

"ऐकलं का? माझ्या बापाला एवढंच बोलता येतं. देतो म्हनतोय त्यो."

पाळकसाहेबांनी मान डोलावली नि पुढचं वाचलं.

थोमा त्यानंतर एकवीस वर्षं जगला, एकही शब्द न बोलता, असं सांगतात. तो गेल्यावर मंडळीने शोधाशोध करून नवी नळी आणली. सुवार्ताने ती लावू दिली नाही. "बा होता तवा आनली न्हाई," ती म्हणाली. "आता कुनासाठी?"

आजही बोरकुंडीत लग्नात तो प्रश्न आला की बाप तोंडाने उत्तर देत नाही. तो जाऊन ती पट्टी दाबतो. मग पाळक लेकीला विचारतात, ऐकू आलं का. आणि ती हो म्हणाली, तरच पुढचं वाचतात.