मानलेला चेंडू

एकदा एका वृद्ध गोल्फशिक्षकांनी आपल्या शिष्येची काठ्यांची जड पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली. सामना सुरू असताना खेळाडूला सल्ला देण्याचा अधिकार केवळ पिशवी वाहणाऱ्याला असतो आणि त्या दिवशी शिष्येला सल्ल्याची गरज भासणार, हे ते जाणून होते. राज्याच्या संघात एकच जागा उरली होती. ती या सामन्यातील विजेतीला मिळणार होती. पुढील वर्षी वयाची अट शिष्येच्या आड येणार होती.

या सामन्यात प्रत्येक होल, म्हणजे चेंडू एका खळग्यात घालण्याची फेरी, ही स्वतंत्र झुंज असते. जिचे फटके कमी, तिचा तो होल. सतरा होल संपले, तेव्हा दोघी बरोबरीत होत्या. शेवटच्या, अठराव्या होलभोवतीच्या हिरवळीवर दोघींचे फटकेही सारखेच झाले. प्रतिस्पर्धी मुलीचा चेंडू होलपासून दोन हातांवर होता, शिष्येचा तीन-चार पावलांवर. ज्याचा चेंडू दूर त्याने आधी मारायचे, या नियमाने पाळी शिष्येची होती.

ती खाली बसली आणि डोळे बारीक करून तिने गवताचा उतार निरखला. परंतु तो प्रतिस्पर्धी मुलीच्या चेंडूमागून. उठली, घुटमळली आणि पुन्हा तेथेच बसली.

"सर, तिच्या चेंडूला उजवीकडे ओढ आहे ना?" ती कुजबुजली. "मघाशी असाच एक तिनं घालवला. हात कापताहेत तिचे, बघा."

"बघितले. तुझेही."

"म्हणजे माझा नाही गेला, तरी ती चुकू शकते."

गुरूंनी पिशवी खाली ठेवली. "तिला सांग, तुझा चेंडू मानला."

होलजवळचा चेंडू न मारताच आत गेला, असे मानण्याची मुभा या खेळात प्रतिस्पर्ध्याला असते. मात्र एकदा उच्चारलेला शब्द परत घेता येत नाही.

"सर, उन्हानं चक्कर आली का तुम्हाला?"

"पिशवी जड आहे खरी. सांग तिला."

"मग माझा चुकला, की सगळं संपलं."

"हो."

शिष्येला रडू कोसळायचेच बाकी होते. पण इतक्या वर्षांत तिने त्यांचा शब्द मोडला नव्हता. "तुझा मानला," ती कशीबशी म्हणाली.

"सकाळपासून एकही मानला नाहीस, आणि आत्ता?" असे म्हणत त्या मुलीने झटकन आपला चेंडू उचलला.

हिरवळीवर एकच चेंडू उरला. पाहण्यासारखे दुसरे काही नव्हते, म्हणून शिष्या आपल्या चेंडूमागे बसली, आणि मघापासून न दिसलेली गोष्ट तिला दिसली: होलच्या अलीकडे गवत मैदानाशेजारच्या दरीच्या बाजूला झुकले होते. तेवढे अंतर राखून तिने चेंडू ढकलला. तो कडेवर रेंगाळला आणि आत गेला.

बरोबरी कायम राहिली. निर्णयासाठी आणखी एक होल खेळायचे ठरले. तिकडे जाताना ती तडकून म्हणाली, "आणि चुकला असता तर?"

"तर हरली असतीस, पण स्वतःच्या फटक्याने. बाळ, तू तिच्या चुकीची वाट पाहत होतीस. आपले यश दुसऱ्याच्या चुकीवर सोपवले, की ते आपल्या हाती राहत नाही, आणि मग हात कापतात. भीती मला काढता येत नाही. पण तू दोन चेंडूंची भीती वाहत होतीस. त्यांतला एक मी उचलायला लावला."

तिने वळून विचारले, "मग पुढचाही मानू?"

"खुळी आहेस का? तो मारणे तिचे काम आहे. तिला ते करू दे."

या होलवरही हिरवळीपर्यंत दोघींचे फटके सारखेच झाले, पण आता प्रतिस्पर्धी मुलीचा चेंडू दूर होता. तिने आधी मारला. लोकांतून एक आवाज उमटला. तो हळहळीचा की कौतुकाचा, हे शिष्येने पाहिले नाही. ती पाठमोरी बसून आपल्या चेंडूपुढचे गवत वाचत होती. हात अजूनही कापत होते. ती उठली आणि तिने चेंडू ढकलला. तो सरळ आत गेला.

टाळ्या वाजल्या. प्रतिस्पर्धी मुलगी हात पुढे करून आली.

"तुझा गेला होता का?" शिष्येने विचारले.

"नाही. सगळ्यांनी पाहिलं की. तू कुठं होतीस?"

"माझ्या चेंडूपाशी," शिष्या म्हणाली.