पाठ

“...पण मॅडम, असा रोज एकेक रुग्ण घेऊन बसलो, तर शास्त्र शिकून कधी व्हायचं?”

प्रणीत वाघचौरे परीक्षेत पहिला आलेला. त्याचा सूर जरा चढाच होता.

डॉ. यमुना केंकरे व्याख्यानं देत नसत. विद्यार्थ्यांना ओपीडीच्या व्हरांड्यात आणायच्या, एखाद्या रुग्णाची हकिगत ऐकवायच्या आणि त्यातूनच शरीराचं शास्त्र उलगडायच्या.

त्या रागावल्या नाहीत.

“मग आज तू शिकव. रक्तातली साखर घसरली, तर काय होतं?”

बाकावर रुग्ण ताटकळत बसले होते. त्यांच्याकडे पाठ करून प्रणीत वर्गासमोर उभा राहिला.

“आधी अॅड्रिनॅलिन उसळतं. दरदरून घाम फुटतो, हात कापतात. तरी साखर मिळाली नाही, तर मेंदू उपाशी पडतो. माणूस भलतंच बरळतो, ओळख विसरतो...”

मागून कुणीतरी त्याचा कोट ओढला.

“ए शिरपा... गाय सुटली की रं...”

बाकावरचा एक म्हातारा. नजर कुठेतरी तिसरीकडेच.

प्रणीतने कोट सोडवून घेतला. “काका, प्यायलात तर घरी झोपायचं. इथे वर्ग चाललाय.”

पोरं हसली. तो पुन्हा वर्गाकडे वळला.

“तर, शेवटी शुद्ध...”

पण केंकरे मॅडम त्याला ओलांडून केव्हाच पुढे गेल्या होत्या. म्हातारा बाकावरून घसरला, तो त्यांच्या हातांत.

“सिस्टर, ग्लुकोज! शिरेतून द्यायचंय, लवकर!”

हसू जिथल्या तिथे गोठलं.

म्हाताऱ्याची बायको रडत सांगत होती, “रक्त तपासायचं म्हणून उपाशी आणलं हो... इन्सुलिन तेवढं टोचलं सकाळी...”

सुई शिरेत गेली.

...

म्हाताऱ्याने डोळे उघडले. गोंधळून भोवतीच्या गर्दीकडे पाहिलं.

“माझा नंबर गेला का?”

कोट सोडवताना प्रणीतने म्हाताऱ्याचा हात धरला होता. त्या हाताचा घाम अजून त्याच्या तळव्याला होता. गार, चिकट.

“मॅडम... मी... मी तर तेच सांगत होतो.”

मॅडम म्हाताऱ्याची नाडी बघत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“हो. पाठ करून.”