जवारी लागली का?

“…म्हणजे आजही नाही?”

“अजून,” मिस्त्री म्हणाले.

हेरवाडे सरांनी कानस खाली ठेवली. सहा वर्षं ते हा शब्द ऐकत होते. सुरुवातीला तो ऐकला की हुरूप यायचा, मग राग यायचा. आता काहीच येत नव्हतं.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत मकबूल मिस्त्रींचं दुकान आहे. दुकान कसलं, दहा बाय बाराची खोली. भिंतीला भोपळे टांगलेले, खाली एक सतरंजी. मिस्त्रींचं वय अठ्ठ्याहत्तर. तानपुऱ्याची जवारी काढण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही असं गल्लीच म्हणते, आणि ही गल्ली सहसा शेजाऱ्याचं कौतुक करत नाही.

जवारी म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. तानपुऱ्याच्या तारा हाडाच्या एका पट्टीवर टेकतात. तिला घोडी म्हणतात. ती कानशीने केसभर, केसाच्याही निम्म्याने घासत गेलं की एका क्षणी तार नुसती वाजायची थांबते आणि गुंजायला लागते. ती जवारी. कानस एकदा जास्त फिरली तर घोडी वाया. याला माप नाही. कान, बस्स.

हेरवाडे सर आयटीआयमधून निवृत्त झालेले, फिटर ट्रेडचे निदेशक. तीस वर्षं त्यांनी पोरांच्या हातात कानस दिली आणि पोरांनी घासलेलं लोखंड मापून त्यांना पास-नापास केलं. अशा माणसाला स्वतःचा निकाल लागल्याशिवाय झोप येत नाही.

जवारी शिकायची हौस मात्र त्यांची स्वतःची. कुणी बोलावलं नव्हतं. पहिल्या दिवशी ते केसभर जाडी मापायचा व्हर्निअर आणि दोनशे पानी वही घेऊन आले. मिस्त्रींनी व्हर्निअर उलटसुलट करून पाहिला आणि याने सुपारी कातरता येते का, एवढंच विचारलं.

“चाचा, आज मला काय ते सांगा,” सर म्हणाले. “शिकलो, का नाही शिकलो.”

मिस्त्रींनी सतरंजीवरची हाडाची भुकटी हाताने झाडली.

“चौसष्ट पुरी झाली मला. रोज इचलकरंजीहून एसटीनं येतोय. घरातली म्हणते, सहा वर्षांत पोरगं डॉक्टर होतं, तुम्ही अजून सतरंजीवरच. तुम्ही हो म्हणालात तर तिकडं माझं एक बारकं दुकान टाकतो. नाही म्हणालात तर उद्यापासून येत नाही. मी दमलोय, चाचा.”

“मी पण,” मिस्त्री म्हणाले.

बाहेर कुणीतरी लाकूड तासत होतं.

“तुम्हाला काय वाटतं?” मिस्त्रींनी विचारलं. “लागली का जवारी?”

“माझ्या वाटण्याला काय किंमत? मी शिकणारा. एखादं पोरगं म्हणालं असतं, ‘सर, मला वाटतंय माझं काम बरोबर आहे’, तर मी पास केलं असतं का त्याला?”

“केलं नसतं?”

“मुळीच नाही.”

“हं…”

सरांनी तानपुरा परत मांडीवर घेतला. हुबळीच्या एका गाणाऱ्या बाईंचा होता. त्याची तिसरी तार खटकत होती. सरांनी तार ढिली केली, घोडीवर कानस दोनदा फिरवली, तार चढवली, छेडली. मग मान वर केली. हा त्यांचा रोजचा क्रम. घासायचं, वाजवायचं, मान वर करायची आणि विचारायचं.

“आता?”

मिस्त्री सरांकडे बघत होते. “अजून.”

परत घासणं, परत वाजवणं.

“आता?”

“अजून.”

चौथ्या की पाचव्या खेपेला सरांचा धीर सुटला. त्यांनी खांद्यावरचा पंचा तोंडावर ओढला, भोपळ्यावर कपाळ टेकलं आणि तसेच तारा छेडत राहिले. रडत होते की नुसते डोळे मिटून होते, पंच्याखालचं कुणाला दिसणार.

“आता?” पंच्याखालून आवाज आला.

उत्तर नाही.

“चाचा, आता?”

…

“अहो, लागली का?”

“पंचा काढा,” मिस्त्री म्हणाले.

“का?”

“तोंड दिसत न्हाई तुमचं.”

“तोंडाचं काय करायचंय? ऐकायचंय ना तुम्हाला?”

मिस्त्रींनी एकदा दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

“ऐकायचं संपलं, सर. चार वर्षं झाली.”

सरांचा हात तारेवरच थांबला. पंचा आपोआप खाली घसरला.

“आत्ता तर माझ्याशी बोलताय.”

“बोलणं येतं ऐकू. हॉर्न येतो. सूनबाई चहाला हाक मारती, ती पण येती, लांबनं आल्यासारखी. पण जवारीचं ते बारीक… वरचं… ते गेलं. डॉक्टर म्हणाला, वय झालं की तेच आधी जातं. आता मला नुसती तार ऐकू येती. सुतळी वाजल्यासारखी.”

घरातही हे कुणाला ठाऊक नव्हतं. साठ वर्षं ज्या गुंजण्यापायी या माणसाने हाडं घासली, ते त्याच्याच कानाला यायचं बंद झालं. वाईट झालं. याहून वेगळं काय म्हणणार.

“मला सांगितलं का नाही?”

“लाज वाटली.” मिस्त्री थांबले. “आणि तुम्ही गेला असता.”

“मग चार वर्षं… कधी अजून म्हणायचा, कधी बस म्हणायचा… ते कशावरनं?”

मिस्त्रींनी हात लांब केला. हाडाच्या भुकटीने पांढरा झालेला अंगठा त्यांनी सरांच्या दोन भुवयांच्या मध्ये टेकवला आणि हळूच दाबला.

“हितं,” ते म्हणाले. “तार खटकली की हितं आठी पडती. तुम्हाला कळायच्या आधी पडती. ती गेली की मी बस म्हणतो.”

सरांनी कपाळ चाचपून पाहिलं. चौसष्ट वर्षांचं कपाळ, आणि त्यावर काय चालतं याची मालकाला खबर नाही.

“फसवलंत मला.”

“हां.”

“आणि लोकांना? चार वर्षांत इथनं गेलेले ते सगळे तानपुरे…”

“तुमची वही काढा,” मिस्त्री म्हणाले. “किती परत आले, बघा.”

सरांनी वही काढली. पानामागून पान उलटलं. कुठल्या तानपुऱ्याला कोणत्या नंबरची कानस लावली, घोडी किती घासली, तारेखाली दोरा किती जाडीचा घातला, सगळं टिपलेलं होतं. परत आल्याची नोंद पहिल्या दोन वर्षांत तीनदा होती. त्यानंतर नाही.

“एकही नाही,” सर म्हणाले.

मिस्त्रींनी वही मिटून बाजूला ठेवली.

खरं तर सरांनी खूश व्हायला हवं होतं. निकाल लागला होता, आणि तोही चार वर्षांपूर्वीच. पण ते खूश झाले नाहीत. त्यांना भीती वाटली. इचलकरंजीच्या त्या दुकानात समोर कुणीच बसलेलं नसणार, हे त्यांच्या आता लक्षात आलं.

“तिकडं मी विचारू कुणाला?”

मिस्त्रींनी पाठ भिंतीला टेकली. त्यांनाही आता बसवत नव्हतं.

“बरं, ते राहू दे. एवढ्या एकाचं सांगा,” सर म्हणाले. “हुबळीचा हा. शेवटचं. परत विचारणार नाही.”

त्यांनी तार चढवली. तानपुरा उभा धरला. मग सवयच ती, उठून थोडे दारापाशी सरकले आणि तोंड नीट उजेडाकडे केलं, मिस्त्रींना कपाळ स्वच्छ दिसेल असं.

“वाजवा, सर,” मिस्त्री म्हणाले. “मी डोळे मिटतो.”