धुक्याची एकुलती घंटा

एका तळ्याकाठी विद्वानांचं एक गाव होतं. तिथे जायला रस्ता नव्हता, नावेनंच जावं लागे. त्या गावाची एक रीत होती. ग्रंथ लिहिताना कोणी दुसऱ्याच्या ग्रंथातलं वाक्य आधाराला घेतलं, की त्यानं त्या मूळ लेखकाच्या अंगणातल्या झाडाला एक पितळी घंटा बांधून यायचं. वारा सुटला की सगळं गाव झोपेत हसल्यासारखं किणकिणायचं.

त्या गावात वेणुमती नावाची तरुण विदुषी राहत होती. पान पडलं तरी दचकायची. पण कुतूहल काही तिला स्वस्थ बसू देईना. तिनं मुंग्यांच्या वाटांवर लिहिलं, कापडाच्या रंगांवर लिहिलं, धुक्यावर लिहिलं. मुंग्यांना आणि रंगांना चार-दोन घंटा मिळाल्या. धुक्याला एकच. ती बांधायला एक म्हातारे पंडित तळ्यापलीकडून आले होते. धुक्यावर लिहिणारे होतेच किती! शेजारच्या मार्तंडशास्त्र्यांचं झाड मात्र घंटांनी वाकलं होतं. ते पित्तावर लिहीत. पित्त घरोघरी, त्यामुळे पित्तावर लिहिणारे वैद्यही उदंड.

एके दिवशी राजाची दवंडी आली. ‘पौर्णिमेच्या सकाळी आम्ही घंटा मोजायला येऊ. ज्याच्या अंगणात सर्वांत कमी, त्यानं गाव सोडावं.’

वेणुमतीनं आपल्या झाडावरच्या घंटा मोजल्या; गावात सर्वांत कमी तिच्याच होत्या. धुक्यावरचा दुसरा ग्रंथ अर्धाच झाला होता, आणि असं धुकं या तळ्याशिवाय कुठेच उतरत नव्हतं.

मार्तंडशास्त्री परडीभर घंटा घेऊन कुंपणाशी आले.

“घाबरतेस काय, पोरी? मी माझ्या ग्रंथात तुझी वाक्यं घालतो, तू तुझ्या ग्रंथात माझी घाल. तुझ्याही घंटा वाढतील, माझ्याही.”

“पण शास्त्रीबुवा, पित्तात धुकं कुठून आणणार?”

“अगं, पित्त चढलं की डोळ्यांपुढे काय येतं? धुकंच ना!”

तिला हसू आलं, आणि लगेच रडूही. परडी घेऊन ती झाडाखाली उभी राहिली. वरची प्रत्येक घंटा कोणत्या वाक्यासाठी आली, हे तिला पाठ होतं. परडीतली एक तिनं हातात घेतली. हिला विचारलं, ‘तू कुठल्या वाक्याची गं?’ तर ही काय सांगेल? ती घंटा पुन्हा परडीत गेली. तिनं परडी परत कुंपणापलीकडे दिली.

“मग बांध गाठोडं!” शास्त्रीबुवा म्हणाले.

तिनं खरंच बांधलं.

पौर्णिमेची सकाळ धुक्यातच उजाडली. तळं, काठ, आकाश, सगळं एकाच दुधात विरघळलेलं. त्या दुधात कुठेतरी राजाची नाव होती. आपला मान राजाला लांबूनच ऐकू जावा म्हणून सगळे पंडित आपापली झाडं गदगदा हलवत होते. चहूकडून नुसता घणघणाट. नाव जागच्या जागी फिरू लागली. नावाडी ओरडला, “काठ कुठंय? खडक लागतायत!”

वेणुमती अनवाणीच धावली. “शास्त्रीबुवा, झाडं थांबवा! धुक्यात आवाज एकच असला तर दिशा कळते. मी लिहिलंय ते!”

“मोजणीच्या दिवशी गप्प बसू? वेड लागलंय का तुला?”

तेवढ्यात खडकावर लाकूड करकरलं. शास्त्रीबुवांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनीच आधी आपल्या झाडाला मिठी मारली. मग एकेक झाड मुकं होत गेलं.

वेणुमतीनं धुक्याची घंटा सोडून आणली आणि पाण्यात पाय बुडवून ती वाजवत राहिली. किण… किण… बऱ्याच वेळानं पांढऱ्यातून नावेचं टोक उमटलं.

राजा चिंब भिजून उतरला. “ही घंटा कशाची?”

“धुक्याच्या ग्रंथाची, महाराज.” तिनं घंटा पुढे धरली. “एवढी एकच आहे.”

राजा त्या इवल्याशा घंटेकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “मोजणी राहू द्या. आधी हा ग्रंथ आम्हाला वाचून दाखव.”

कोणालाच गाव सोडावं लागलं नाही. संध्याकाळी शास्त्रीबुवा पुन्हा कुंपणाशी आले. “जरा तो धुक्याचा ग्रंथ दे गं.”

वेणुमती दचकली. “पित्तात घालायला?”

“नाही गं बाई. वाचायला.”

तात्पर्य: आपलं नाव किती जणांनी घेतलं, यावर विद्येचं मोल ठरत नाही, तिच्या आधारानं कोणाला वाट सापडली, यावर ठरतं.